गणिताच्या तासाचा हिशेब : वऱ्हाडातल्या सहावी ते आठवीच्या वेळापत्रकांचे एक वाचन

शाळेत दरवर्षी जे कागद तयार होतात त्यांत सर्वांत कमी वाचला जाणारा कागद म्हणजे वेळापत्रक. जूनच्या अखेरीस एखादे ज्येष्ठ सर पट्टी-पेन्सिल घेऊन बसतात, वार आणि तासिकांच्या चौकटी आखतात, कुणाचे दोन वर्ग एकाच वेळी येत नाहीत ना हे तपासतात, आणि तो तक्ता मुख्याध्यापकांच्या खोलीत लागतो. तपासणीला आलेले अधिकारी तो आहे की नाही एवढे पाहतात. पालक तो पाहतही नाहीत.

पाठ्यपुस्तकांचे तसे नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असे वाचन सुचवले गेले, तेव्हा अख्खा महाराष्ट्र त्यावर बोलला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना जाहीरपणे बाजू मांडावी लागली. संख्या कशी म्हणावी यावर आपण महिनाभर भांडलो. पण ती शिकवायला शाळेत किती मिनिटे मिळतात, हा प्रश्न त्या वादात कुणी विचारल्याचे दिसले नाही.

प्रस्तुत लेखात वेळापत्रक हा एक मजकूर मानून वाचला आहे. प्रदेश अमरावती आणि अकोला जिल्ह्यांचा, इयत्ता सहावी ते आठवीच्या आणि विषय गणित. याच तीन वर्षांत मूल अपूर्णांकांच्या क्रियांकडून गुणोत्तर-प्रमाणाकडे, पूर्णांकांकडून परिमेय संख्यांकडे आणि अंकगणिताकडून बैजिक राशींकडे जाते. इथे सुटलेला धागा नववीत सापडत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे : तक्त्यावर गणिताला जो वेळ दिसतो आणि प्रत्यक्षात जो मिळतो, त्यांत मोठी तफावत आहे, ही तफावत कुणा एका शिक्षकाच्या आळसातून येत नाही, ती वेळापत्रकाच्या रचनेतच आहे, आणि वऱ्हाडात ती राज्याच्या इतर बऱ्याच भागांपेक्षा अधिक आहे.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० कामाचे दिवस आणि १००० अध्यापन-तास सांगितले आहेत. पहिली ते पाचवीसाठी हेच आकडे २०० दिवस आणि ८०० तास असे आहेत. १००० ला २२० ने भागले की दिवसाला सरासरी ४ तास ३३ मिनिटे येतात. परिपाठ आणि मधली सुट्टी वगळून निव्वळ अध्यापनाचा हा वेळ आहे. वाचकांनी हा आकडा लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

कायद्याने एकूण तास सांगितले. कोणत्या विषयाला किती, हे सांगितले नाही. ते काम राज्याच्या अभ्यासक्रमाचे आणि शेवटी शाळेचे. आपल्याकडे सहावी ते आठवीला मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा, गणित, सामान्य विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल, आणि शिवाय कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. तीन भाषांनी आठवड्याचा मोठा हिस्सा आधीच घेतलेला असतो. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा निर्णय झाला, त्यावर रान उठले आणि २९ जूनला सरकारने ते शासननिर्णय मागे घेतले. त्या वादात भाषेची अस्मिता होती, राजकारण होते. पण नवी भाषा कुठल्या विषयाच्या तासिका कमी करून बसवणार, हा साधा वेळापत्रकाचा प्रश्न मात्र कडेलाच राहिला.

कागदावरचे १२८ तास

आता हिशेब मांडू. रोज गणिताची एक तासिका, ती ३५ मिनिटांची, आणि वर्षाचे दिवस २२०, असे धरू. गुणाकार ७७०० मिनिटे, म्हणजे सुमारे १२८ तास. हा झाला कागदावरचा वेळ.

यातून वजा काय होते ते पाहू. पुढचे आकडे माझे गृहीत आहेत; हे सर्वेक्षण नव्हे, हिशेबाची रीत आहे. वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांनी आपल्या शाळेचे आकडे घालून पाहावेत.

पहिली वजाबाकी परीक्षांची. घटक चाचण्या, दोन सत्रांच्या परीक्षा, आणि त्यांच्या जोडीला राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी. ही चाचणी ‘स्टार्स’ प्रकल्पातून आली. पायाभूत, संकलित एक आणि संकलित दोन अशा तिच्या फेऱ्या असतात आणि प्रथम भाषा, गणित, इंग्रजी हे तिचे विषय. या सगळ्यांचे मिळून २० दिवस अध्यापन होत नाही असे धरू. दुसरी वजाबाकी शिक्षक वर्गावर नसण्याची : प्रशिक्षण, बैठका, निवडणुकीची कामे, रजा, मिळून १५ दिवस. तिसरी स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, जयंत्या, सणांच्या आगेमागे ओस पडलेले वर्ग, असे १० दिवस. हे ४५ दिवस गेले, उरले १७५. त्यांपैकी ३० दिवस उन्हाळ्यातल्या सकाळच्या शाळेचे धरू, जेव्हा तासिका ३५ ऐवजी २८ मिनिटांची होते. आणि प्रत्येक तासिकेत सर वर्गात येणे, मुलांनी मागच्या विषयाचे पुस्तक ठेवून वही काढणे, फळा पुसणे, कालचे कुठवर झाले ते आठवणे, यात ६ मिनिटे जातात असे मानू.

म्हणजे १४५ दिवस २९ मिनिटांचे आणि ३० दिवस २२ मिनिटांचे. बेरीज ४८६५ मिनिटे, सुमारे ८१ तास. १२८ पैकी ८१. गेलेला वेळ तासिकांत मोजला तर सुमारे ८१ तासिका भरतात. आठवड्याला सहा या मापाने साडेतेरा आठवडे. एका सत्राचा मोठा भाग गेल्यासारखेच हे आहे, आणि यात शनिवारची अर्धी शाळा मी धरलेलीच नाही.

या हिशेबात एकही शिक्षक कामचुकार नाही, एकही शाळा बंद नाही. महाराष्ट्रातल्या शिक्षकांबद्दल हे मुद्दाम सांगितले पाहिजे. जागतिक बँकेशी संबंधित संशोधकांनी २००३ मध्ये देशभर शाळांना अचानक भेटी देऊन पाहणी केली, तेव्हा सरकारी प्राथमिक शाळांतला दर चौथा शिक्षक शाळेत नव्हता. पण राज्यवार तुलनेत गैरहजेरीचे प्रमाण सर्वांत कमी महाराष्ट्रात होते. आपला शिक्षक शाळेत असतो. प्रश्न तो शाळेत असून गणिताच्या फळ्यापाशी किती मिनिटे असतो, हा आहे.

पहिली तासिका गणिताची

वेळापत्रक आखणाऱ्यांचा एक जुना संकेत आहे : गणित सकाळी, डोके ताजे असते तेव्हा. पहिल्या किंवा दुसऱ्या तासिकेला गणित ठेवणे हा विषयाचा मान समजला जातो. हेतू चांगला आहे. पण खेड्यापाड्यांतून मुले जिथे एसटीने येतात, मुली मानव विकासच्या निळ्या बसने येतात, तिथे पहिली तासिका ही सर्वांत जास्त गळणारी तासिका असते. बस उशिरा आली की पहिला तास बुडाला. परिपाठ लांबला की त्याची वाढीव मिनिटे याच तासिकेतून जातात. हजेरी याच तासिकेत. पाहुणे आले, सूचना द्यायच्या, गणवेशाचे माप घ्यायचे, सारे याच तासिकेत. कागदावर सहा तासिका भाषेला आणि सहा गणिताला असतील, पण त्या सहा आणि या सहा सारख्या नसतात.

दुसऱ्या टोकाला काही शाळांत गणित जेवणानंतर येते. पोषण आहार वाटप, ताटे धुणे, ओळी लावणे यात मधली सुट्टी पुढे सरकते आणि त्यानंतरची तासिका तेवढी आखडते. सांगायचे एवढेच की तासिका मोजण्यात अर्थ नाही, ती दिवसात कुठे बसवली आहे हेही पाहावे लागते.

ऊन आणि एकच फूटपट्टी

विदर्भाच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर उघडतात. २०२४ मध्ये राज्यात १५ जूनला शाळा सुरू झाल्या, विदर्भात १ जुलैला. २०२५ मध्ये राज्यात १६ जून, विदर्भात २३ जून. वर्षाच्या सुट्ट्या ७६ च्या आत ठेवायच्या असल्याने इतर सुट्ट्या कमी करून दिवस भरून काढले जातात. दिवस भरतात, पण मिनिटे भरत नाहीत. कारण जूनमधला ढगाळ दिवस वजा होतो आणि मार्च-एप्रिलमधला उन्हाचा दिवस त्याच्या जागी मोजला जातो.

उन्हाचा दिवस म्हणजे काय ते अकोलेकरांना सांगायला नको. मे २०२४ मध्ये उष्णतेमुळे अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू करावे लागले, आणि त्या आदेशात खासगी शिकवणी वर्गांच्या वेळांचाही विचार होता. मार्च २०२५ च्या अखेरीस राज्याने सगळ्या शाळांसाठी उन्हाळी वेळ ठरवली : प्राथमिक शाळा सकाळी ७ ते ११.१५, माध्यमिक ७ ते ११.४५. आता मघाचा आकडा आठवा. कायद्याची सरासरी ४ तास ३३ मिनिटे, आणि ७ ते ११.१५ ही पूर्ण शाळाच ४ तास १५ मिनिटांची. जिल्हा परिषदेच्या ज्या प्राथमिक शाळांना जोडून सहावी-सातवीचे वर्ग आहेत, त्या वर्गांना त्या दिवसांत परिपाठ आणि सुट्टी वगळता पावणेचार तासांच्या आसपास अध्यापन मिळते. आठ तासिका ठेवायच्या तर एकेक अठ्ठावीस-एकोणतीस मिनिटांची होते. मुलांना उन्हात बसवू नये हे उघड आहे आणि सकाळची शाळा हा योग्यच निर्णय आहे. पण तो घेताना कमी झालेली मिनिटे इतरत्र कुठे मिळतील, हे कुणी सांगितले नाही.

त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर ८ ते २५ एप्रिल या काळात ठेवल्या गेल्या. यामागचा विचार खरे तर गणिताच्या बाजूचा होता. परीक्षा एप्रिलच्या सुरुवातीला आटोपली की नंतर मुले शाळेत फिरकत नाहीत आणि अध्यापनाचे दिवस वाया जातात, ते वाचवायचे होते. विदर्भातून विरोध झाला तो तापमानामुळे. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. चूक होती ती कोकणाला आणि वऱ्हाडाला एकच फूटपट्टी लावण्याची. वार्षिक नियोजनाच्या छापील नमुन्यात जूनच्या रकान्यात पहिले प्रकरण लिहिलेले असते. आपल्या बाजूला जूनचा रकाना कोराच जातो आणि पुढचे सगळे महिने ते कर्ज फेडत राहतात. कर्ज फेडायची रीत ठरलेली : मागची प्रकरणे भराभर उरकणे. आणि पुस्तकाच्या मागच्या भागातच बरेचदा पुढच्या इयत्तेला लागणारा भाग असतो.

उन्हाखेरीज वऱ्हाडाचे स्वतःचे एक पंचांग आहे. पोळा, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याची कावड, आणि दसऱ्या-दिवाळीपासून कापसाची वेचणी. सीतादही झाली की शेतात हात कमी पडतात आणि सातवी-आठवीतली मुले, विशेषतः मुली, घरी लहान भावंडांना सांभाळायला किंवा थेट वेचायला जातात. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण. त्या आठवड्यात वर्ग भरवण्याचा आग्रह धरणे म्हणजे रिकाम्या बाकांना शिकवणे. हे सगळे आधीच माहीत असते, दरवर्षी त्याच वेळी येते. तरीही वेळापत्रकात त्याला जागा नसते. जे दरवर्षी घडते त्याला अडचण म्हणत राहण्यापेक्षा ते नियोजनात धरलेले बरे.

एका शिक्षकावर दोन विषय

याच अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी शिक्षकांची रचना दिली आहे : विज्ञान आणि गणितासाठी किमान एक, सामाजिक शास्त्रांसाठी एक, भाषांसाठी एक. जिल्हा परिषदेच्या शाळांत हेच पदवीधर विषय शिक्षक. यातली मेख अशी की गणित आणि विज्ञान एकाच माणसाकडे आहेत. ते सर प्रशिक्षणाला गेले की दोन विषय एकदम थांबतात. भाषेचे सर गेले तर गणिताचे सर त्या वर्गावर बसून निदान वाचन घेऊ शकतात. उलटे सहसा होत नाही. बदली तासिकेला आलेले शिक्षक ‘आपापले उदाहरण सोडवा’ म्हणतात आणि वही तपासायला घेतात.

आणखी एक गोष्ट कोणत्याही शाळेत डोळ्यांनी दिसते. ऑनलाइन माहिती भरायची असली, यू-डायस, आधार पडताळणी, पोषण आहाराची नोंद, शिष्यवृत्तीचे अर्ज, तर ‘संगणक येतो’ म्हणून ते काम बहुधा गणित-विज्ञानाच्या शिक्षकाकडे जाते. कायद्याचे कलम २७ शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षणेतर कामाला लावू नये असे सांगते. जानेवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात मागासवर्ग आयोगाच्या घरोघरच्या सर्वेक्षणासाठी राज्यभरातले शिक्षक गेले, तेव्हा त्या आठवड्याच्या तासिका पुढे कधी भरून काढल्या, याची नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये असेल? वेळापत्रकात तासिका ‘असते’. ती ‘झाली’ की नाही हे लिहायला रकानाच नाही.

कमी पटाच्या शाळांची गोष्ट याहून कठीण. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांत सहावी ते आठवीच्या अगदी कमी पटाच्या वर्गांना शिक्षकपद न देण्याची तरतूद आली, तिच्याविरुद्ध शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. मेळघाटातल्या आणि खारपाणपट्ट्यातल्या लहान गावांना हे थेट लागते. दोन शिक्षक चार वर्ग सांभाळतात, तिथे ३५ मिनिटांच्या तासिकेत प्रत्येक वर्गाच्या वाट्याला निम्मी मिनिटे येतात. अशा शाळेच्या भिंतीवरही तोच आठ चौकटींचा तक्ता असतो, कारण तपासणीत तोच मागितला जातो.

शहराकडे वेगळा प्रश्न आहे, सेमी इंग्रजीचा. गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी मराठीतून, ही सोय पालकांनी मागितली आणि शाळांनी पट टिकवण्यासाठी दिली. परिणामी पाचवीपर्यंत ‘अंशाधिक अपूर्णांक’ म्हणणारे मूल सहावीत तीच गोष्ट नव्या नावाने शिकते. तासिकेतली काही मिनिटे गणिताची न राहता शब्दार्थाची होतात. ती शिकवण वाईट नाही, पण तिचा वेळ गणिताच्या खात्यातून कापला जातो आणि वेळापत्रकात त्याची नोंद नसते.

जादा तास कुणाला मिळतो

‘आम्ही जादा तास घेतो’ असे शाळा सांगतात आणि ते खरे असते. पण तो कुणाला मिळतो? बहुतेक वेळा शिष्यवृत्ती परीक्षेच्या आणि एनएमएमएसच्या मुलांना. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात प्रथम भाषेबरोबर गणित असते, त्यामुळे या मुलांना सकाळी तासभर गणित अधिक मिळते. म्हणजे ज्याला भागाकार येतो त्याला जास्त वेळ आणि ज्याला येत नाही त्याला ठरलेलाच वेळ, तोही गळका. शिकवणी लावू शकणाऱ्या घरातल्या मुलांचा वेळ संध्याकाळी आणखी वाढतो. शाळेने वाटलेल्या वेळातली असमानता अशी दुप्पट होते.

कायदा याच्या उलट सांगतो. कलम २४ प्रमाणे प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून त्याला गरजेप्रमाणे जादा अध्यापन देणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. पण त्यासाठी वेळापत्रकात एकही चौकट राखून ठेवलेली नसते. ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या ज्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आले, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ४४.१ टक्के, २०२२ मध्ये ४४.७ आणि २०२४ मध्ये ४५.८ होते. योजना आल्या, पुस्तके बदलली, चाचण्या वाढल्या. आकडा जवळपास तिथेच आहे.

आता महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, पुनर्परीक्षा आणि त्यातही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवणे, अशी व्यवस्था पुन्हा आणली आहे. आठवीच्या मुलाकडून गुणांचा हिशेब घेतला जाणार. त्याला मिळालेल्या मिनिटांचा हिशेब मात्र कुणी देणार नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे.

वर्ध्याचा तक्ता

वेळापत्रकाचा गंभीर विचार आपल्याच विदर्भात एकदा झाला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगावर आधारलेल्या शिक्षणाची योजना मांडली. त्या योजनेत दिवसाचा तक्ताही होता. शाळा साडेपाच तासांची : मूलोद्योग ३ तास २० मिनिटे, संगीत, चित्रकला आणि अंकगणित मिळून ४० मिनिटे, मातृभाषा ४० मिनिटे, समाजशास्त्र व सामान्य विज्ञान ३० मिनिटे, व्यायाम १० आणि सुट्टी १०. शाळेचे दिवस वर्षाला २८८.

पहिल्या नजरेला हा तक्ता गणितावर अन्याय करणारा वाटतो. चाळीस मिनिटे, तीही संगीत आणि चित्रकलेबरोबर वाटून घेतलेली. पण समितीचा विचार असा होता की गणिताची खरी जागा उद्योगात आहे. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, ६४० तारांची गुंडी, सुताचा अंक, कापसाची घट, मजुरीचा दर, हे सगळे अंकगणितच. ते तकलीपाशी होणार आणि राखीव वेळात त्याची फक्त घडी बसवायची.

हा प्रयोग का टिकला नाही, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. उद्योगाचे यांत्रिक काम झाले, शिक्षक तयार नव्हते, पालकांना आपल्या मुलांनी सूत कातत बसावे हे पटले नाही. ती टीका मला मान्य आहे, आणि तीन तास वीस मिनिटे कुणी परत आणावीत असे मी म्हणत नाही. पण त्या तक्त्यात एक गोष्ट होती जी आजच्यात नाही : गणिताला दोन घरे होती. मूलोद्योगाचे पुढे कार्यानुभव झाले, आठवड्याला दोनेक तासिकांचे, आणि त्यातून गणित निघून गेले. आज गणिताला एकच घर आहे, ३५ मिनिटांचे. ते बुडाले की त्या दिवशी गणित कुठेच होत नाही.

वऱ्हाडात दुसरे घर शोधायला लांब जावे लागत नाही. कापूस पणन केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. सातवीच्या वर्गातली अर्धी मुले हे आकडे घरी ऐकतात. शेकडेवारी, गुणोत्तर, रुईचा उतारा, सरकीचे वजन, सगळे त्यात आहे. भूगोलाच्या तासाला पर्जन्यमानाचा आलेख, विज्ञानात घनता, कार्यानुभवात मापे घेताना दशांश अपूर्णांक, असे शिकवले तर गणिताच्या खात्यात मिनिटे वाढतात आणि कुणाच्या खात्यातून कमी होत नाहीत. फक्त हे शिक्षकाच्या हौसेवर न सोडता टाचणात आणि वेळापत्रकात लिहिले पाहिजे.

वेळ वाढवला की शिक्षण वाढते का?

वाचक विचारतील, नुसता वेळ देऊन काय होणार? शंका रास्त आहे. अमेरिकन शिक्षणशास्त्रज्ञ जॉन कॅरोल यांनी १९६३ मध्ये शिकण्याचे एक साधे सूत्र मांडले : मूल किती शिकेल हे त्याला लागणारा वेळ आणि त्याने प्रत्यक्ष दिलेला वेळ यांच्या गुणोत्तरावर ठरते. पुढच्या अभ्यासकांनी यात भेद केले : नेमून दिलेला वेळ वेगळा, मूल प्रत्यक्ष गुंतलेले असण्याचा वेळ वेगळा, आणि त्याला जमेल अशा कामात गुंतण्याचा वेळ आणखी वेगळा. आपले वेळापत्रक यांतला फक्त पहिला वेळ सांगते.

व्हिक्टर लेव्ही या अर्थशास्त्रज्ञाने अनेक देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या चाचण्या तपासल्या. ज्या विषयाला शाळेत जास्त तास, त्या विषयात तेच मूल अधिक चांगले करते, असे त्याला आढळले. पण विकसनशील देशांत हा परिणाम बराच कमी होता. म्हणजे तास वाढवणे पुरेसे नाही, त्या तासात काय होते तेही महत्त्वाचे.

शिकागोच्या सार्वजनिक शाळांनी २००३ पासून गणितात मागे असलेल्या नववीच्या मुलांना बीजगणिताची रोज एक ऐवजी दोन तासिका दिल्या आणि शिक्षकांना त्या वेळाचा वापर कसा करायचा याचे मार्गदर्शन दिले. पहिल्या वर्षी नापासांचे प्रमाण फारसे हलले नाही, म्हणून टीका झाली. नंतर पाठपुरावा झाला तेव्हा दिसले की या मुलांचे पुढच्या चाचण्यांतले गुण वाढले, शाळा पूर्ण करण्याचे आणि महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण वाढले, आणि सर्वाधिक लाभ वाचनात कच्च्या असलेल्यांना झाला. शिकागो आणि दर्यापूर यांची तुलना करता येत नाही हे मी जाणतो. पण तिथे जादा वेळ मागे पडलेल्याला मिळाला; आपल्याकडे तो पुढे असलेल्याला मिळतो. हा फरक पैशांचा नाही, वेळापत्रक आखताना कुणाचा विचार केला याचा आहे.

काय करता येईल

पुढच्या सूचनांना नवा निधी लागत नाही आणि बहुतेकांना वरच्या परवानगीचीही गरज नाही.

पहिली, तासिकांऐवजी मिनिटे मोजावीत. वर्गनिहाय एक साधी वही ठेवावी : आज गणित झाले का, किती मिनिटे झाले, झाले नसेल तर कशामुळे. ही वही शिक्षकाला पकडण्यासाठी नसावी. उलट तीच त्याची ढाल होईल. ‘तुमचा निकाल कमी का’ असे विचारणाऱ्याला ‘माझे इतके तास या कामांत गेले’ असे दाखवता येईल. ती शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत वाचली जावी.

दुसरी, आठवड्यातून दोनदा गणिताला जोडतास द्यावा, सत्तर मिनिटांचा. एकूण तासिका तेवढ्याच राहतात, पण बसणे-उठणे दोनदा कमी होते, आणि उदाहरण सांगणे, सोडवणे, चुकलेले पुन्हा करणे एकाच बैठकीत होते. पहिल्या तासिकेऐवजी दुसरी-तिसरी यासाठी बरी.

तिसरी, जादा तासाची एक चौकट मागे पडलेल्यांसाठी राखावी. शिष्यवृत्तीचा तास बंद करावा असे नाही. पण एक तास इकडे असेल तर एक तिकडेही हवा.

चौथी, वार्षिक नियोजन वऱ्हाडाच्या पंचांगाप्रमाणे करावे. जुलै ते दिवाळी हा आपला भरवशाचा काळ. बैजिक राशी, परिमेय संख्या, प्रमाण यांसारखी जड प्रकरणे तेव्हा घ्यावीत. माहितीचे आलेख, मापन असे हलके भाग मार्चच्या सकाळच्या शाळेसाठी ठेवावेत. प्रकरणांचा क्रम पुस्तकाच्या पानांनुसारच असला पाहिजे असा कायदा नाही. यासाठी अमरावती आणि अकोल्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी दोन जिल्ह्यांचा मिळून एक नमुना करून द्यावा.

पाचवी सूचना प्रशासनाला. उन्हाळी वेळेचा आदेश काढताना कमी होणाऱ्या मिनिटांचा हिशेब आदेशातच लिहावा आणि ती कोणत्या महिन्यात, कशी भरून काढायची हे सांगावे. आणि गणित-विज्ञानाच्या एकुलत्या एक शिक्षकाला अध्यापनाच्या वेळेत माहिती भरण्याच्या कामाला बसवू नये.

यांतल्या पहिल्या सूचनेपासून सुरुवात करावी, कारण वही घातल्याशिवाय बाकीच्या चार सूचना कुठे लागू पडतात हे कळणार नाही. दिवाळीनंतर दुसरे सत्र सुरू होईल. पहिल्याच दिवशी शंभर पानी वही आणून तिच्यावर ‘सातवी, गणित, मिनिटे’ एवढे लिहिले आणि मार्चअखेर ती प्रामाणिकपणे भरली, तर माझे वरचे ८१ तास बरोबर आहेत की चूक, हे त्या शाळेला कळेल. आकडा चूक निघाला आणि प्रत्यक्षात वेळ जास्त मिळत असल्याचे दिसले, तर त्याहून आनंदाची गोष्ट नाही.